मंगळवार, साडेसहा ते नऊ

शिकवणारा तेल्मो माझ्या धाकट्याहून लहान,
नखं कायम निळी, जणू बोटांना हीव भरलंय.
पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांचे खोडरबर
बिस्किटांच्या डब्यात जमा करून घेतले.
चुकलेली रेघ असू दे, म्हणाला,
तिच्या शेजारी दुसरी काढा.

मी काही बोलले नाही.
कोव्हिल्याच्या गिरणीत एकतीस वर्षं रफूखात्यात होते मी.
उतरत्या टेबलावर लोकर, खिडकीतून डोंगराकडचा उजेड,
डावा तळवा कापडावरून आंधळ्यासारखा चालायचा,
अडला की उजवा सुई घेऊन हजर.
तपासनीस व्हिदाल खोट दिसेल तिथे खडूनं गोल करायचा.
तुटका धागा, सुटका धागा, गाठ, झिरी.
एक उचल, एक सोड, एक उचल,
शेवटी खडू झटकायचा.
गोल गेला की खोट गेली, खोट गेली की मीही.
लिस्बनपासून हाम्बुर्गपर्यंत कितीजणांच्या खांद्यावर
माझ्या दुपारी फिरून आल्या असतील,
एकालाही पत्ता नाही.
पगार त्याचाच होता.

इथे आधी कांदा. तीन आठवडे एकच कांदा.
माझा बटाट्यासारखा, मग कुणाच्या तरी टकलासारखा.
तिसऱ्या मंगळवारी खऱ्या कांद्यालाच कोंब फुटला,
मी अजून त्याच्या सालीशी झगडतेय
आणि हा हिरवा होऊन मोकळा!
ईरिया हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी.
घरी आदेलिनोनं कागद उलटासुलटा करून पाहिला,
ह्यासाठी मी रात्री गार सूप प्यायचं?
बरोबर आहे त्याचं.
सूप गरम करता येतं, हेही तितकंच बरोबर.

रंग तरी येतात, असं वाटलं होतं.
गिरणीत करड्याला नाव नव्हतं, नंबर होता, चारशे बारा.
रंगखात्यात तो उकळायचा त्या दिवशी
खालची नदीही चारशे बारा वाहायची.
आता निळ्यात विटकरी, थेंबभर पांढरा, पुन्हा निळा,
बशीमागून बशी, जमतच नाही.
रात्री जुना तुकडा शोधून भिंगाखाली धरला
तर आत हिरवा धागा. दर अकरावा.
एकतीस वर्षं हाताखालून गेला
आणि मी त्याला करडा म्हणत आले.
झोप लागली नाही. राग कुणाचा येतोय तेही कळेना.

मग नक्षी. चित्र मधोमध कापा, तेल्मो म्हणाला,
डावा अर्धा उजवीकडे, उजवा डावीकडे,
मधलं सगळं कडेला जातं
आणि कोऱ्या कडा मध्ये येऊन भेटतात.
कात्री लावताना घसा सुकला,
आमच्याकडे कापड कापलं तर घरी पाठवत.
कोंबांच्या मध्ये चार बोटं पांढरी वाट उरली.
ती भरा, म्हणाला.
भरायला मला कोण शिकवणार!
पेन्सिलीनं एक उचल, एक सोड,
चहा निवायच्या आत वाट बुजली.
तेल्मो कागद उजेडाकडे धरून जोड शोधत राहिला.
मी सांगितलं नाही.

जूनमध्ये प्रत्येकाचं दोन मीटर छापून आलं,
जुन्या रंगखात्याच्या हौदांवर टांगायला.
माझ्यात, तिसऱ्या कोंबाजवळ, एक धागा सुटलेला.
ईरिया म्हणाली, लाल दोऱ्यानं भरा ना, छान दिसेल.
हात ऐकेना.
सकाळी सगळ्यांच्या आधी गेले,
कॉलरमागची सुई काढली,
अर्ध्या तासात तिथे काही झालंच नव्हतं.

मग खिशातून खडू काढला
आणि गोल केला.

संध्याकाळभर लोक त्या गोलासमोर थांबत होते,
चष्मा वर करून, नाक कापडाला लावून.
ह्यात काय आहे, एका म्हाताऱ्यानं विचारलं.
काही नाही, म्हटलं.
नीट बघा.